सुप्याचं रक्त

छकुलीला पहिली अंघोळ कुशाबाईनंच घातली. इंदापूरच्या दवाखान्यातून बाळबाळंतीण निरवांगीला घरी आली, त्याच दिवशी पाणी तापवून कुशाबाई न्हाणीत पाय पसरून बसली आणि तिनं नातीला पायांवर पालथी घेतलं. पोर पिळून टाकलेल्या फडक्यासारखी मऊ होती. पाणी अंगावर पडलं तरी रडली नाही. कुशाबाईनं तेलाचा हात पाठीवरून खाली नेला, पोटऱ्या चोळल्या, पावलं हातात घेतली आणि तिचा हात थांबला. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात जागा होती, चपलेचा पट्टा बसावा एवढी. तिनं पोर उताणी केली, इवलीशी मूठ उघडली. तळहातावर आडवी एकच रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आत्या, पाणी गार हुईल," आतून स्वरूपा म्हणाली.

"झालंच बग."

तिनं भराभर पाणी ओतलं, पोरीला धुपाची धुरी दिली, गुंडाळून आईच्या कुशीत दिली आणि चुलीपुढं जाऊन बसली. असं पाऊल तिनं आधी पाहिलं होतं. सुप्याला, माहेरी, धाकट्या भावाचं, रामचं. पण हे ती कुणाला बोलली नाही.

स्वरूपा तिची सून, आणि भाचीही. कुशाबाईचा पाठचा भाऊ हिंदुराव, त्याची ही थोरली लेक. मामाची मुलगी करायची त्यांच्यात रीतच होती, आणि विजयसिंहासाठी स्वरूपाच पाहिजे हा हट्ट कुशाबाईनंच धरला होता. परक्याची पोर आणायची म्हणजे तिचं सगळं घराणं तपासत बसायचं, ही तर आपल्या अंगाखांद्यावरची, असं ती चारचौघांत सांगायची. सासरच्यांनी मेंढरं विकून दोन पिढ्या झाल्या होत्या, नीरेच्या पाण्यावर ऊस उभा होता, नवरा वारल्यावरही घर तिनं ताठ ठेवलं होतं. सून आल्यावर आता काही उणं नाही असं तिला वाटत होतं.

छकुली चार महिन्यांची झाली तरी मान धरीना. दूध ओढता ओढता दमायची, ओठांच्या कडा निळ्या व्हायच्या. विजयसिंह तिला बारामतीला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. बरोबर स्वरूपा आणि कुशाबाई. डॉक्टरीणबाईंनी पोरीचे डोळे पाहिले, मानेमागची कातडी चिमटीत धरून पाहिली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग पावलं हातात घेतली. कुशाबाईनं खिडकीबाहेर पाहिलं.

"डाऊन सिंड्रोम असावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हृदयात छिद्रही आहे, त्याचं बघू आपण, ते दुरुस्त होतं. ही शिकेल, चालेल, बोलेल, फक्त तिच्या चालीनं. पण रक्त पुण्याला पाठवून खात्री करायची. आईचं वय काय?"

"चोवीस," स्वरूपा म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं. "सहसा आईचं वय वाढलं की याची शक्यता वाढते. चोवीस म्हणजे कमी. म्हणून रक्त बघायलाच हवं."

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागणार होते. ते तीन आठवडे घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. गावात मात्र बोलणं सुरू झालं होतं. ग्रहणात बाहेर पडली असेल. पपई खाल्ली असेल. एकदा दुपारी स्वरूपा पोरीला मांडीवर थोपटत बसली होती आणि एकाएकी म्हणाली, "आत्या, मी त्या गोळ्या घेतल्या न्हाईत, त्यानं झालं का वं हे?"

कुशाबाईच्या हातातलं सूप खाली टेकलं. आशाताईनं दिवस राहिल्याबरोबर फोलिक ॲसिडच्या बारक्या गोळ्या आणून दिल्या होत्या, पुढं लोहाच्या लाल गोळ्या. स्वरूपाला उलट्या व्हायच्या. "उष्ण पडत्यात त्या," कुशाबाई म्हणाली होती. "मूल मोठं हुतं, मग पोट फाडाया लागतं. ऱ्हाऊ दे." आशाताई विचारायला आली की स्वरूपा रिकामी पाकिटं दाखवायची. गोळ्या कुशाबाईनंच उकिरड्यात पुरल्या होत्या.

"तूच सांगितलं व्हतंस तिला, आई," उंबऱ्यात बसलेला विजयसिंह म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्यानं. कुशाबाईला ते जास्त लागलं.

त्या दिवसापासून तिला नीट घास गेला नाही. पोरीचं निळं पडणारं तोंड पाहिलं की उकिरडा डोळ्यांपुढं यायचा. रामचं तिला आठवत होतं, पण ते ती मागं ढकलायची. रामला कसल्या गोळ्या आणि काय, तेव्हा कुठं होत्या गोळ्या? मग तिला वाटायचं, तेव्हा नव्हत्या म्हणूनच राम तसा झाला. आणि आता होत्या, तर त्या मी पुरल्या. दोन्हीकडून दोष तिच्याकडंच येत होता. रिपोर्टात दुसरं काहीतरी निघावं, कुणाचंही नाव निघावं पण आपलं नको, असं ती मनोमन म्हणत राहिली.

छकुलीचा रिपोर्ट आला, आणि त्यात असं काही होतं की डॉक्टरीणबाईंनी विजयसिंह आणि स्वरूपा दोघांचंही रक्त मागवून घेतलं. पुन्हा तीन आठवडे.

त्या दिवशी बारामतीला दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरीणबाईंनी त्यांना शेवटी थांबवून घेतलं आणि दार लावून घेतलं. कागदावर पेननं आडव्या रेघा काढल्या.

"प्रत्येक माणसाच्या अंगात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. विजयसिंह, तुमचा रिपोर्ट साधा आहे. स्वरूपा, तुझ्यात चौदावं आणि एकविसावं अशी दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली आहेत. काही कमी नाही, काही जास्त नाही, म्हणून तुला कधी काही त्रास झाला नाही. पण मुलाला देताना कधीकधी वाटणी चुकते. चिकटलेलं जातं आणि सुटं एकविसावंही जातं. छकुलीत तसं झालंय."

कुशाबाई पुढं सरकली. "मॅडम, गोळ्या... तिनं त्या गोळ्या न्हाई घेतल्या. मीच घेऊ दिल्या न्हाईत."

"ते चुकलंच आजी. त्या गोळ्यांनी मणक्याचे, मेंदूचे दोष टळतात, हे पक्कं आहे. पुढच्या वेळी दिवस राहायच्या आधीपासून घ्यायच्या. डाऊनशी त्याचा काही संबंध आहे का, यावर संशोधन चाललंय. काही आयांच्या शरीरात ते जीवनसत्त्व नीट वापरलं जात नाही, त्यानं जोखीम वाढत असावी असं काहीजण म्हणतात, काहीजण नाही म्हणतात. पण छकुलीत कारण दिसतंय समोर. ते गोळ्यांचं नाही."

कुशाबाईच्या छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. आपल्या हातून नाही. पोरीचं हे आपल्या हातून नाही. एक श्वास तिनं पुरता घेतला. शेजारी स्वरूपा मान खाली घालून बसली होती, तिच्याकडं पाहायचंही तिला सुचलं नाही.

"आता असं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे बहुतेक वेळा आई किंवा वडिलांकडूनच आलेलं असतं. स्वरूपा, तुझ्या घरात असं कुणी मूल होतं? किंवा कुणाचे गर्भ वारंवार पडलेले?"

"न्हाई," स्वरूपा म्हणाली. "माझ्या ऐकण्यात न्हाई. आईला पाच लेकरं, समदी धडधाकट."

"आणि वडिलांकडं?"

स्वरूपानं आत्याकडं पाहिलं. डॉक्टरीणबाईंची नजर तिच्यामागोमाग गेली. "या तुमच्या सासूबाई ना?"

"आत्या बी हायत. माझ्या वडलांची सख्खी बहीण."

त्यांनी पेन कागदावर ठेवलं. "मग आजी, तुम्हीच सांगा."

कुशाबाईनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. ती म्हणाली, "आमच्यात कुणी न्हवतं तसं."

"गर्भ गेलेले?"

लग्नानंतर आठ वर्षं तिला मूल नव्हतं. तीनदा दिवस राहिले आणि तीनदा गेले. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, विजयसिंहालाही. ते लपवता येण्यासारखं नव्हतं. तिनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, "मुली किती तुम्हाला?"

"एकच हाय. प्रतिक्षा. निमगाव केतकीला दिली."

"तिसरा महिना हाय तिला," विजयसिंह म्हणाला.

डॉक्टरीणबाई हळू बोलल्या. "घाबरून जाऊ नका. तिच्यात हे नसेलही. असलं तरी दहात एखाद्या वेळी असं मूल होतं, बाकी वेळा निरोगी. पण तिला कळायला हवं. या महिन्यात तिला घेऊन या. तुमचंही रक्त देऊन जा आजी, आजच."

कुशाबाईनं हात पुढं केला. सुई टोचली तेव्हा तिला काहीच वाटलं नाही. नळीत गडद रक्त चढताना ती पाहत राहिली.

घरी येताना विजयसिंहानं फोन काढला. कुशाबाईनं त्याच्या हातावर हात ठेवला. "फोनवर नगं. अवघडलेली पोर हाय ती. मी जाईन समक्ष."

ती गेली, पण निमगावला नाही. गेली सुप्याला.

हिंदुराव अंगणात खाटेवर बसला होता. पाऊस नव्हता, माळ करपला होता, दूर अभयारण्याच्या कुंपणाकडून वावटळ उठत होती. बहिणीनं सांगितलेलं त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अक्का, रामचं नाव काढलंस का तिथं?"

"न्हाई."

"मग काढू बी नगंस."

"अरं, पण प्रतिक्षा..."

"तुला आठवतंय ना, तुला बघाया पावणं आलं तवा रामला कुठं ठिवला व्हता?"

तिला आठवत होतं. बापानं, गेणबानं, रामला मेंढरांबरोबर भल्या सकाळीच माळावर धाडलं होतं, चार भाकरी बांधून. दिवसभर. संध्याकाळी तो धावत घरी आला, जीभ थोडी बाहेर, तोंडभर हसत, आणि अक्काच्या अंगावरचं नवं लुगडं बघून तिला मिठी मारून राहिला. सोडीचना. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि त्याला तिच्या नावाशिवाय चारच शब्द यायचे. लग्नानंतर पहिल्याच थंडीत छाती भरून तो गेला. सासरी तिनं सांगितलं, भावाला ताप आला होता. नवऱ्यालाही एवढंच ठाऊक होतं.

"आईची चार गेली पोटातच," हिंदुराव म्हणाला. "ते कुणी मोजलं? आता तू निमगावात जाऊन सांगशील, आमच्या रक्तातच खोट हाय. ती मानसं पोरीला नांदू देतील? माझ्या दोन पोरांची लग्नं व्हायची हायत अजून, ती कोण करंल? काय व्हायचं ते हुईल. तिच्या पोटात आग कशाला टाकतीस?"

कुशाबाई परत आली. विजयसिंहाला म्हणाली, सांगितलं प्रतिक्षाला. बघते म्हणाली ती.

एक आठवडा गेला, दोन गेले. प्रतिक्षाचा फोन यायचा, आई मला आंबट खावंसं वाटतंय, आई आता ओकाऱ्या थांबल्या. कुशाबाई हूं हूं करायची. फोन ठेवल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेपुढं जाऊन उभी राहायची. बारामतीहून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातला फोन आला तेव्हा तिनं तो वाजू दिला. तिला कळत होतं की एकेक दिवस सरत चाललाय आणि प्रत्येक दिवशी सांगणं जास्त अवघड होतंय. तरी तोंड उघडत नव्हतं. पाचवा आठवडा लागला.

एका दुपारी छकुली कुरकुर करत होती. कुशाबाईनं तिला उचलून खांद्यावर घेतलं, पाठ थोपटत अंगणात फिरली. "उगी रं राम्या, उगी."

स्वरूपा दोरीवर कपडे वाळत घालत होती. ती वळली.

"तुमी दुसऱ्यांदा म्हणलात असं."

"काय?"

"राम्या. परवा बी म्हणलात. राम म्हंजी तो लहानपणी वारलेला चुलता ना माझा?" तिच्या हातातून पाणी ठिबकत होतं. "कसा दिसायचा वं तो, आत्या?"

कुशाबाईला खोटं बोलता आलं असतं. चाळीस वर्षं बोलली होती. पण छकुलीनं तिच्या गळ्याशी तोंड खुपसलं होतं, तिचा ओला श्वास मानेवर लागत होता. ती ओट्यावर बसली. "हिच्यावाणी," म्हणाली. "हिच्यावाणीच दिसायचा. मला पहिल्या अंघुळीलाच कळलं व्हतं."

मग तिनं सगळं सांगितलं. माळावर धाडलेलं, आईची चार गेलेली, हिंदुराव काय बोलला ते. स्वरूपा ऐकत उभी होती. डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या.

"दवाखान्यात मॅडमनी मला विचारलं तवा मी न्हाई म्हणले," ती म्हणाली. "आन तुमी शेजारी बसला व्हता. माझ्या लग्नाच्या येळी तुमाला ठावं व्हतं, बाबाला ठावं व्हतं. मला एकटीलाच न्हवतं."

"असं असतं ते आमाला तरी कुठं ठावं व्हतं गं? देवाची करणी म्हणायचो."

"आता तर कळलंय ना? प्रतिक्षाला सांगितलंत?"

कुशाबाईनं छकुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

स्वरूपानं बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली. "आत्या, उद्या पहिल्या गाडीनं चलायचं. तुमी न्हाई सांगितलं तर मी सांगीन. मला कुणी सांगितलं न्हाई. तिला तरी कळू द्या."

दोन गाड्या बदलून दोघी निमगाव केतकीला पोहोचल्या, छकुलीला घेऊन. जावई दीपक आणि विहीणबाई पानमळ्यात पानं खुडत होते. प्रतिक्षा घरी एकटीच होती, पोट नुकतं दिसायला लागलेलं. छकुलीला बघून ती हसली, तिला घ्यायला हात पुढं केले. कुशाबाई म्हणाली, "आधी बस."

सांगायला फार वेळ लागला नाही. प्रतिक्षानं मध्ये एकदाच विचारलं, "कधी सांगितलं डॉक्टरनी?"

"पाच आठवडं झालं."

"पाच आठवडं!" ती एवढंच म्हणाली. मग उठून मोरीत गेली आणि बराच वेळ आतून पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा छकुलीनं तिच्या पदराला हात घातला. प्रतिक्षानं तो सोडवला, हळूच, एकेक बोट, आणि दोन पावलं मागं सरकली. स्वरूपानं ते पाहिलं आणि पोरीला आपल्याकडं ओढून घेतलं.

विहीणबाई आल्या, दीपक आला. विहीणबाई ऐकून म्हणाल्या, "आमच्यात असलं काय न्हाई बाई. पिढ्यान्‌पिढ्या न्हाई." दुसऱ्या दिवशी दीपकनं गाडी काढली आणि प्रतिक्षाला बारामतीला आणलं.

तोवर कुशाबाईचा रिपोर्ट आलेला होता. तिच्यात ती चिकटलेली जोडी होती. आठवड्याभरानं कळलं की प्रतिक्षातही आहे. डॉक्टरीणबाईंनी त्यांना पुण्याला पाठवलं. तिथं पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढायचं होतं. कुशाबाई बरोबर गेली. प्रतिक्षानं तिचा हात धरला नाही, दीपकचा धरला. बाहेर येताना तिनं डॉक्टरांना विचारलं, "वाईट निघालं तर?"

"वाईट म्हणजे डाऊन असलं तर. काय करायचं ते तू आणि तुझ्या नवऱ्यानं ठरवायचं. कायद्यानं मुदत आहे अजून, पण फार नाही. ठेवायचं ठरवलंत तरी आम्ही आहोत. घाई कुणाच्या सांगण्यावरून करू नकोस."

मग वाट पाहणं. निमगावच्या घरात त्या दिवसांत काय चाललं होतं, ते कुशाबाईला नीट कधी कळलं नाही. फोन लागला की प्रतिक्षा "बरी हाय" म्हणायची आणि ठेवायची. एकदा पाठीमागं विहीणबाईंचा आवाज आला, "आधी घर बघून पोर करायला पायजे व्हती." एकदा दीपकच्या रडण्यासारखं काहीतरी ऐकू आलं, पण तो टीव्हीही असेल. निरवांगीला स्वरूपा कामं उरकायची, आत्याशी कामापुरतं बोलायची. विजयसिंहाला आईचं खोटं कळलं होतं. तो रागावला नाही, पण जेवायला तिच्या पानाशेजारी बसायचा तो आता पडवीत ताट घेऊन जायचा. कुशाबाई छकुलीला घेऊन बसून राहायची. पोर आताशा तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवायला शिकली होती, नाक, ओठ, कान, पुन्हा नाक.

सतराव्या दिवशी दीपकचा फोन आला. बाळाला डाऊन नाही.

कुशाबाईनं देवापुढं डोकं टेकलं. मागोमाग दीपकनं सांगितलं की बाळातही आईसारखीच जोडी आहे. चिकटलेली. बाळ ठणठणीत राहील. त्याच्या लेकरांचं त्या वेळी बघावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

"म्हंजी पुढं बी..." कुशाबाई म्हणाली.

"आई म्हनती, चांगलं हाय ना, मग ते बाकीचं कशाला उगाळायचं. कागद जाळले तिनं." थोडं थांबून तो म्हणाला, "प्रतिक्षाच म्हनली, जाळा."

मार्गशीर्षात प्रतिक्षाला मुलगी झाली. गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची, पहिल्याच मिनिटाला दवाखाना डोक्यावर घेणारी. बारशाचं बोलावणं आलं. प्रतिक्षानं फोन केला तेव्हा तो कुशाबाईनं स्पीकरवर ठेवला होता, कानाला नीट ऐकू येत नाही म्हणून.

"आई, वहिनीला म्हनावं राग मानू नको. पण छकुलीला आनू नका. पावनंरावळं येनार हायत. कोनीतरी कायतरी विचारंल."

स्वरूपा पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः शिवलेली कुंची आणि झबलं घडी करून आत्याच्या पिशवीत घातलं.

निमगावच्या घरी बायकांची गर्दी होती. पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. प्रतिक्षानं आईला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. बाळानं लगेच कुशाबाईचं बोट मुठीत धरलं. पकड घट्ट होती.

"आई, हिच्या डोक्यावर हात ठेव."

कुशाबाईनं ठेवला.

"शपथ घे. रामचं, रक्ताचं, त्या जोडीचं पुन्यांदा कुनाला बोलनार न्हाईस. हिला बी न्हाई. कधीच."

बाहेर कुणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली होती, दोघीतिघी हसत होत्या. कुशाबाईनं बाळाच्या डोक्यावरचा हात काढून घेतला.

"न्हाई गं पोरी. म्या न्हाई घ्यायची शपथ."

"आई!"

"ही अठराची झाली म्हंजी मी सांगीन हिला. लग्नाच्या आदी."

"तवा तू असशील का?" प्रतिक्षा म्हणाली. ती ओरडली नाही. तिनं ते असं विचारलं की जणू गाडी किती वाजता आहे असं विचारत होती.

"मी नसले तर स्वरूपा सांगंल."

प्रतिक्षा खाली वाकली आणि बाळाची मूठ सोडवून तिनं त्याला उचलून घेतलं. "मग हितनं पुढं येऊ नका," ती म्हणाली. "तू बी न्हाई आन वहिनी बी न्हाई. मला माझी पोर नांदवायची हाय."

नाव संस्कृती ठेवलं. कानात कुर्र करायला दीपकच्या बहिणीला बोलावलं, चुलतीला बोलावलं, शेजारणींना बोलावलं. कुशाबाई भिंतीला टेकून उभी होती, तिला कुणी बोलावलं नाही. घुगऱ्यांचा द्रोण हातात आला तो तिनं तसाच ठेवून दिला. बाहेर थांबलेल्या विजयसिंहानं मोटारसायकल सुरू केली.

फाल्गुनात छकुलीच्या हृदयाचं ऑपरेशन पुण्याला झालं. सात तास लागले. ती वाचली. ओठांचा निळेपणा गेला, आणि उन्हाळ्यात एका सकाळी ती कुणाचा आधार न घेता बसली, आणि स्वतःच दचकून टाळ्या पिटायला लागली. त्या दिवशी स्वरूपा आत्याला कामाव्यतिरिक्त पहिलं काहीतरी बोलली. "बघा वं आत्या, बघा," एवढंच. पण बोलली.

बारामतीला तपासणीला गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी छकुलीला मनसोक्त खेळवलं. मग फाईल उघडली. त्यात एका पानावर सगळं घराणं आखलेलं होतं, कुशाबाईच्या आईपासून, साखरबाईपासून खाली, पुरुषांना चौकोन, बायांना गोल. कुशाबाईनं खरं सांगितल्यापासून रामचा चौकोन भरलेला होता.

"निमगावच्या बाळाचं काय?"

"पोरगी झाली," कुशाबाई म्हणाली. "संस्कृती. बरी हाय म्हनत्यात."

"म्हणतात म्हणजे? तुम्ही बघितली नाही?"

"बारशाला बघितली."

डॉक्टरीणबाईंनी एक गोल काढला आणि तो अर्धाच भरला, जोडी आहे पण आजार नाही म्हणून. "हिला पुढं कुणीतरी सांगायला हवं आजी. आईवडील सांगतील ना?"

कुशाबाईनं त्या अर्ध्या गोलाकडं पाहिलं. स्वरूपानं छकुलीचे पाय आपल्या ओंजळीत घेतले होते.

"हिंदुरावांनी मुलांना पाठवलं का तपासायला?"

"बाबा फोन उचलत न्हाई," स्वरूपा म्हणाली. "धाकट्याचं ठरलंय. वैशाखात लगीन हाय."

"मुलीकडच्यांना सांगितलंय?"

डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली.

बाहेर रस्त्यावर ऊन रणरणत होतं. एसटी स्टँडवर निरवांगीची गाडी लागायला वेळ होता. कुशाबाई बाकावर बसली, पिशवीतून फोन काढला आणि स्वरूपाला म्हणाली, "मला प्रतिक्षाचा नंबर लावून दे." स्वरूपानं लावून दिला. घंटी वाजली. दुसऱ्यांदा वाजली. तिसऱ्या घंटीला पलीकडून कुणीतरी फोन कापला.

"आता तुझ्या बाबाला लाव," कुशाबाई म्हणाली.